दोन जावा आणि एक मोरी

नगरला सावेडीत माझे दोघे भाऊ मिळून घर बांधताहेत. खाली थोरला, वर धाकटा, मधे सामाईक जिना. देवघर कुठे, स्वयंपाकाचा ओटा कोणत्या तोंडाला, यावर फारसा वाद झाला नाही. वास्तुशास्त्राचीही मुकाट्याने व्यवस्था लागली. नकाशा अडला तो धुण्याच्या जागेवर. माझा पेशा घरांचे नकाशे काढण्याचा आणि नातं नणंदेचं, त्यामुळे पंच म्हणून मला बसवण्यात आलं. नणंदेने दोन जावांत न्याय करावा, ही कल्पना कुणाची ते विचारू नका.

थोरली वहिनी पाथर्डी तालुक्यातली, गर्भगिरीच्या पायथ्याच्या गावची. तिथे पाऊस तोकडा आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं नेहमीचं. धाकटी राहुरीची. बारागाव नांदूरला मुळा धरण, 26 टीएमसीचं, आणि घराजवळून पाट गेलेला. जिल्हा एकच, पण दोघींची पाण्याकडे बघायची नजर निराळी. सावेडीच्या नळालाही मुळा धरणाचंच पाणी येतं, म्हणजे धाकटीचं माहेरचं पाणी थोरलीच्या हौदात पडणार.

धाकटीने मोबाइलवर एक खोली दाखवली. पांढरीशुभ्र कपाटं, त्यात बसवलेली मशीन, भिंतीतून उघडणारी इस्त्रीची फळी, वेताच्या टोपल्या, खिडकीत झाड.

"वन्सं, अशी 6 बाय 8 ची खोली वर हवी, बेडरूमला लागून. कपडे निघतात तिथेच धुतले जावेत. बाथरूम वर, कपाटं वर, आणि धुणं तेवढं खाली मागच्या दारी? मळके कपडे खाली न्यायचे, ओले परत गच्चीवर चढवायचे. हे कुठलं शहाणपण?"

थोरलीने चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला. "छान आहे. यात गोधडी कुठे धुतेस दाखव."

"गोधडी लॉन्ड्रीत देऊ, ताई."

"सगळ्या? घटस्थापनेच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या निघतात. माझ्या आईच्या हातच्या आहेत त्या, लॉन्ड्रीत टाकायला हॉटेलच्या चादरी नाहीत."

इथे थोरलीचं म्हणणं भावनेचं वाटेल, पण ते वजनाचंही आहे. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक टाचलेली गोधडी कोरडी असताना उचलते एका हाताने. भिजली की दोघींना उचलत नाही. नवरात्राच्या आधी मुळा-प्रवरेच्या काठी किंवा पाटावर बघावं. बाया गोधडी दगडावर पसरतात, साबण चोळतात आणि पायाने तुडवतात. पहिलं पाणी काळं निघतं, मग तपकिरी, मग नुसतं गढूळ. शेवटी दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पीळ देत एकमेकींकडे सरकतात आणि मधून पाण्याची धार सुटते. 7 किलोच्या मशीनमध्ये हे काम होत नाही. गोधडी कशीबशी कोंबली तर पिळताना ड्रम एका बाजूला झुकतो आणि मशीन घरभर चालायला लागते. वर्षातून एकदाच निघणाऱ्या धुण्यासाठी जागा राखायची का, असं धाकटीने विचारलं आणि प्रश्न रास्त होता. पण लग्नाचा शालू वर्षातून एकदाही निघत नाही, तरी त्याला कपाट असतंच.

"बरं, मग तुमचं काय म्हणणं?" मी थोरलीला विचारलं.

"मागच्या दाराला दगड, दगडाशेजारी हौद, वर पत्रा. पाणी सांडलं तर अंगणात जाईल. घरात, तेही वरच्या मजल्यावर, पाणी खेळवलं की आज ना उद्या खालच्याच्या छताला ओल. खाली कोण राहतं? मी."

"आता वॉटरप्रूफिंग असतं, ताई."

"असतं की. ओल आली म्हणजे मग पुन्हा करतात."

यावर बोलायला मलाच पुढे व्हावं लागलं. वरच्या मजल्यावर धुण्याची जागा करायची, तर तिथला स्लॅब खाली घ्यावा लागतो, म्हणजे संक स्लॅब. त्यावर वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा, मग फरशी. नीट केलं तर टिकतं. पण अडचण दुसरीच आहे आणि ती फोटोत दिसत नाही. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना किमान 0.3 बार दाबाने पाणी लागतं. म्हणजे टाकीचा तळ नळाच्या साधारण 3 मीटर, 10 फूट वर हवा. वरच्या मजल्याला नळ जमिनीपासून 3 फुटांवर, स्लॅब 10 फुटांवर. टाकी स्लॅबवर नुसती ठेवली तर मिळतात 7 फूट. टाकी उपसत आली की पंचाईत. मशीन पाण्याची वाट बघत बसते आणि शेवटी एररचा आकडा दाखवून बंद पडते. मग टाकीला खांब घालून 4 फूट उचला, नाही तर दाबाचा पंप बसवा. खाली मशीन ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही.

या शहराला हे गणित नवं नाही. 1490 साली अहमद निजामशहाने नगर वसवलं आणि निजामशाहीत कापूरवाडी, वडगावकडून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं गेलं. त्या नळांना मोटार नव्हती, सगळा कारभार उताराचा. आपण मोटारी आल्यापासून उतार विसरलो. पाणी चढवायला बटन आहे, म्हणून ते कुठेही न्यावं आणि मग त्याला परत बाहेर काढायची वाट शोधत बसावं, असं चाललेलं असतं.

धाकटी दाबाच्या मुद्द्यावर जराशी थांबली. हरली मात्र नाही.

"ठीक, खाली तर खाली. पण दगडावर नाही. पाण्याचं म्हणाल तर मशीनच कमी पाणी घेते. फ्रंट लोडला एका धुण्याला 50 ते 60 लिटर. तेवढेच कपडे हाताने धुवा, नळ चालू ठेवून, आणि मोजा बादल्या."

"नळ चालू ठेवून धुतो कोण?" थोरली एकदम ताठ झाली. "आमच्याकडे शेवटच्या खळबळल्याचं पाणी टाकत नव्हते. त्यात दुसऱ्या दिवशीचे मळके कपडे भिजायचे. ते निघाले की त्याच पाण्याने शेणाची जागा धुवायची. एक पाणी तीन कामं करत होतं. तुझी मशीन एकदाच वापरून गटारात सोडते आणि वर म्हणायचं पाणी वाचवते."

दोघींचंही खरं आहे आणि इथे मधला मार्ग काढण्यापेक्षा हिशेब मांडावा. नळाखाली बसून धुणाऱ्या घरापेक्षा फ्रंट लोड निःसंशय कमी पाणी घेते. वरून कपडे टाकायच्या पूर्ण स्वयंचलित मशीन मात्र बऱ्याचदा 100 लिटरच्या पुढे जातात. खळबळल्याचं पाणी जपून वापरणाऱ्या पाथर्डीच्या बाईशी कुठलीच मशीन स्पर्धा करू शकत नाही. पण ती बाई आता पंचावन्नची आहे आणि तिचे गुडघे तिच्या बाजूने बोलत नाहीत. शिवाय मशीनचं शेवटचं पाणी गटारातच गेलं पाहिजे असं कोणी सांगितलंय? बाहेर जाणारी नळी 200 लिटरच्या पिंपात सोडायची सोय ठेवली तर पहिलं फेसाळ पाणी जाऊ द्यावं आणि शेवटचं निवळ पाणी धरावं. त्याने संडास, अंगण, गाडी सगळं होतं. फक्त त्यासाठी पिंपाची जागा नकाशात आज दाखवायला हवी.

"आणि झाडांना," थोरली म्हणाली. "मागे केळ लावणार, कर्दळ, अळू. धुण्याच्या पाण्यावर केळ कशी येते बघ."

"नका घालू ताई. डिटर्जंटच्या पाण्यात सोडियम असतं. आमच्याकडे पाटाचं पाणी धो धो दिलं आणि चांगल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या. वर पांढरट थर, खाली माती दगडासारखी, पाणी मुरतच नाही. मग पप्पा ट्रॉलीने जिप्सम आणून टाकतात. तुमच्या केळीच्या आळ्यात तेच होईल."

हा मुद्दा धाकटीकडून यावा याची मला गंमत वाटली. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या पोरांना चोपण हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पावडरचं पहिलं पाणी झाडांना नको, हे तिचं बरोबर. ते शोषखड्ड्यात जाऊ दे आणि शेवटचं पाणी केळीला, तेही रोज एकाच आळ्यात नको. केळ, कर्दळ आणि अळू ही जरा सोसणारी मंडळी. गुलाब आणि कढीपत्त्यावर प्रयोग करू नये.

मग निघालं बोअरचं पाणी. सावेडीत नळाला पाणी दिवसाआड येतं, म्हणून प्लॉट घेतला की माणूस आधी बोअर घेतो. काळ्या कातळातून येणारं हे पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, साबणाचा चिकट साका मात्र कपड्यात बसतो. पांढरे शर्ट दोन पावसाळ्यांत कळकट दिसायला लागतात आणि दोष पावडरला मिळतो. मशीनच्या हीटरवर क्षार चढतो तो वेगळाच.

"मग सॉफ्टनर बसवू," धाकटी म्हणाली.

"त्यात मीठ कोण घालणार? आणि मिठाचं पाणी कुठे सोडणार, माझ्या केळीला?"

मी सांगितलं की भिंती उभ्या राहायच्या आत दोन पाइप टाका. एक नळाच्या पाण्याचा, एक बोअरचा. दोन टाक्या, दोन रंगांचे व्हॉल्व्ह. मशीनला फक्त नळाचं, दगडाला दोन्ही, संडासाला बोअरचं. आज पाइपाचा खर्च किरकोळ आहे. टाइल्स लागल्यावर हेच काम करायचं तर भिंत फोडायची, टाइल्स जुळत नाहीत म्हणून आख्खी भिंत नवी करायची. हिवरे बाजार काही लांब नाही, नगर तालुक्यातलंच. तिथे ग्रामसभेत आधी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरतात. आमच्या घरी मात्र टाइल्सचा कॅटलॉग आधी आला आणि पाणी नंतर आठवलं. धुण्याची खोली आखताना पाणी येतं कुठून, किती दाबाने, जातं कुठे आणि ऊन कोणत्या बाजूला, एवढं ठरलं की बाकीचं कोणत्याही दुकानात मिळतं.

टाइल्सवर मात्र मी धाकटीशी सरळ भांडले. तिला पांढऱ्या, चकचकीत, 2 बाय 2 च्या हव्या होत्या. मोठ्या टाइलला उतार देता येत नाही, मधे पाणी साचतं. नहाणी ट्रॅपकडे चारही बाजूंनी पाणी वळवायचं तर 1 बाय 1 ची, खरखरीत टाइल बरी. चकचकीत पांढऱ्या फरशीवर बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की कडेने पांढरी कडी उमटते. बादली उचलली की खाली गोल. ते घालवायला बाजारातून ॲसिडची बाटली येते आणि ती सांध्यातलं सिमेंट खाते.

"म्हणूनच म्हणते, शहाबादी घाला," थोरली म्हणाली.

तिथे मी तिलाही अडवलं. शहाबादी, कोटा, कडाप्पा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे. त्यांच्यावर ॲसिड पडलं की बुडबुडे येतात, फरशी खडबडीत होत जाते आणि मग मळ जास्तच धरते. ज्या घरात क्षार काढायला ॲसिड वापरायची सवय आहे, तिथे खाली ग्रॅनाइट किंवा चांगली मॅट टाइल, आणि धुण्याचा दगड आपला काळा. जात्या-पाट्याला लावतात तशी टाकी लावून घेतलेला. कडाप्पा ठेवावा तो फळ्यांना. पावडर, नीळ, ब्रश, चिमट्यांचा डबा ठेवायला कडाप्प्याची फळी प्लायच्या कपाटाहून जास्त टिकते, कारण तिला ओल लागत नाही आणि वाळवीला तिच्यात रस नाही.

"म्हणजे कपाटं नाहीत?" धाकटीचा आवाज बारीक झाला.

एक असावं. ॲल्युमिनियमच्या चौकटीचं, जमिनीपासून 6 इंच वर, म्हणजे खालून फरशी धुता येते. मशीनला कपाटात मात्र कोंडू नये. मागे 4 इंच जागा, नळ बंद करायला हात जाईल अशी. बोर्ड नळापासून दूर आणि 4 फूट उंचीवर, 16 अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी, आणि अर्थिंग खरोखरचं. आपल्याकडे अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येते, जमिनीपर्यंत जाते की नाही ते कोणी बघत नाही. ओल्या पायाने मशीनला हात लावायच्या जागी आरसीसीबी नसणं हा मला गुन्हाच वाटतो.

ड्रायरचा विषय धाकटीने स्वतःच सोडला. कोकणात असतो तर मी आग्रह धरला असता. नगरच्या कोरड्या हवेत एप्रिलमध्ये दोरीवर टाकलेली चादर शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिल्या टोकाला वाळायला लागलेली असते. धूळ तेवढी सांभाळायची.

थोरलीचा पत्रा मात्र नियमात बसत नव्हता. मागचं सामासिक अंतर मोकळं सोडावं लागतं, तिथे छप्पर घालून खोली केली की ते बेकायदा बांधकाम. म्हणून धुण्याची जागा इमारतीच्या आत, पण मागच्या कोपऱ्यात ओढली. 7 बाय 9 फूट, बाहेरच्या दोन भिंतींना कमरेच्या वर सिमेंटची जाळी. आतल्या अंगाला मशीन, जाळीकडे दगड.

"आणि वरून कपडे?" धाकटीने मूळ प्रश्न पुन्हा काढला. "परदेशात भिंतीतून घसरगुंडी असते. वर टाकले की थेट खाली टोपलीत."

"उंदराला बरी होईल," थोरली म्हणाली. "गॅलरी मागच्याच बाजूला आहे ना? चादरीत बोचकं बांध आणि खाली टाक. आमच्या सासूबाई माळीवाड्याच्या वाड्यात हेच करायच्या."

धाकटी हसली आणि माझ्या अंदाजाने तिथेच ती अर्धी मान्य झाली.

एवढ्यात मावशी आल्या. भाड्याच्या घरी सध्या धुणंभांडी त्याच करतात आणि नव्या घरीही त्याच करणार. आम्ही तिघी तासभर ज्या दगडावर भांडत होतो, त्यावर रोज हात चालणार होता त्यांचा. त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी नकाशा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी कागदाकडे न बघता विचारलं, "दगड कोणत्या तोंडाला?"

"पश्चिमेला."

"मग मला नको. मी तुमच्याकडे येते तीनला. मे महिन्यात तीन ते पाच ऊन तोंडावर घेऊन बसायचं का? अन् नळ एवढा खाली नका घेऊ. बादली खाली बसत नाही, तिरकी धरावी लागते, मग निम्मं पाणी पायावर."

"दगडावर उभ्याने धुवायचं की बसून?" धाकटीने विचारलं.

"रोजचे कपडे उभ्याने. माझी कंबर बघा अन् गुडघे बघा. गोधडी मात्र खालीच लागते, ती काय ओट्यावर तुडवायची का?"

पाच मिनिटांत त्यांनी मला दोन उंच्या दिल्या. कमरेइतका एक दगड, 2 फूट रुंद, पुढे किंचित कलता. त्याच्या शेजारी जमिनीलगत 4 बाय 5 ची जागा, भोवती 6 इंचांचा कठडा, भोक बुजवलं की पाणी साठेल अशी. दगड पश्चिमेऐवजी उत्तरेच्या जाळीकडे गेला. नळ दोन, एक बादलीच्या उंचीचा, एक वर. ट्रॅपला उचलून झाडता येईल अशी जाळी, कारण गोधडीतून सुटलेल्या दोऱ्या आणि कापूस पाइपात गेला तर पुढचं तुंबलेलं पाणी काढायलाही मावशीच. मशीनचं पाणी पंपाने भसाभसा येतं, म्हणून बाहेर जाणारा पाइप 3 इंची, कमी नाही.

धाकटीने भिंतीतून उघडणारी इस्त्रीची फळी राखली. ती मलाही पटली. थोरलीने हौद सोडून पिंप पत्करलं, झाकणाचं, डासांमुळे. टाइल्सचा रंग अजून ठरलेला नाही, एकीला राखाडी हवा, दुसरीला राखाडी म्हणजे सुतक वाटतं. संक स्लॅबची गरज उरली नाही म्हणून ठेकेदार खूश, पाइप दुप्पट झाले म्हणून प्लंबर नाखूश.

राहिला दगड. थोरलीला तो तिच्या माहेरच्या जुन्या विहिरीवरचाच हवा. तो आणायला टेम्पो, उतरवायला चार माणसं, टाकी लावायला पाथरवट. त्या खर्चावर मात्र दोन्ही जावांचं चहा संपायच्या आत एकमत झालं. तो वन्संनी द्यावा.